मूठभर धान्याचे विद्यापीठ : कर्मवीर भाऊराव पाटील

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयात फी भरण्याच्या खिडकीच्या वर एक तसबीर टांगलेली आहे. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी आणि कोणाच्याही घरच्या आजोबांसारखा चेहरा. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या दिवशी मी त्या तसबिरीखाली जवळजवळ दोन तास उभी होते. हातात फी सवलतीचा अर्ज होता आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील शेतमजुरी करतात, आई त्यांच्याबरोबर जाते. दाखल्यावरचा आकडा मागच्या-पुढच्या मुलींना दिसू नये म्हणून मी त्या कागदाची बारीक घडी करून मुठीत धरली होती. आपण काहीतरी मागायला आलो आहोत, आणि मागणाऱ्याने मान खाली घालायची असते, एवढेच तेव्हा मला समजत होते.

तसबिरीतले गृहस्थ कोण हे मला ठाऊक होते. शाळेत दरवर्षी २२ सप्टेंबरला त्यांची जयंती होई. एकदा मी स्वतः पाठ करून भाषणही केले होते. पण पाठ केलेले भाषण आणि समजलेला माणूस यांत फार अंतर असते. यंदा 'कमवा व शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले. कपाटे पुसता पुसता कर्मवीर भाऊराव पाटील यांची चरित्रे हाती लागली आणि एकामागून एक वाचून काढली. वाचताना मनात एकच प्रश्न होता. गरिबाच्या मुलाने शिक्षणासाठी घेतलेली मदत ही भीक असते काय? या माणसाने सारे आयुष्य मदत गोळा करण्यात घालविले. मग त्यांना स्वतःला कधी मागण्याची लाज वाटली नसेल का?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे. मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीला होते, आईचे नाव गंगाबाई. लहानपणापासून मुलगा आडदांड, अभ्यासापेक्षा कुस्ती आणि पोहणे यांत अधिक रमणारा. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून संतापाने त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणीची एक गोष्ट सांगतात. राग हा त्यांचा स्वभावच होता आणि तो अखेरपर्यंत गेला नाही. पण राग कशाचा यावा हे फार थोड्यांना कळते. भाऊरावांना ते फार लवकर कळले होते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. तो राजर्षी शाहू महाराजांचा काळ. महाराजांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्याचा धडाका लावला होता. त्यांपैकी अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात येता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. माणसाच्या शेजारी बसल्याने विटाळ होतो हे त्यांच्या मनाला पटेना. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. डोक्यावरचे छप्पर गेले म्हणजे काय होते, हे त्यांनी असे ऐन विद्यार्थिदशेत अनुभवले. पुढे हजारो मुलांना छप्पर देणाऱ्या माणसाची सुरुवात वसतिगृहातून बाहेर काढले जाण्याने झाली! शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला, परंतु शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे काही गेले नाही. साताऱ्यास येऊन ते शिकवण्या करू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले.

याच सुमारास त्यांच्यावर एक दारुण प्रसंग आला. १९१४ साली कोल्हापुरात राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. लठ्ठे हे जैन समाजाचे पुढारी. ज्या बोर्डिंगातून भाऊरावांना बाहेर पडावे लागले त्याच्या कारभाराशीही त्यांचा निकटचा संबंध. मनात सूड असता तर उट्टे काढण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंगवास आणि छळ सोसला, जिवावर उदार होण्याची वेळ आली, पण खोटी साक्ष दिली नाही. लोकांनी पुढे चाळीस वर्षे त्यांच्या झोळीत डोळे मिटून दान टाकले, त्या विश्वासाचा पाया मला या प्रसंगात दिसतो. पैसा मागणाऱ्याजवळ आधी अशी पत असावी लागते.

सुटकेनंतर पोटासाठी त्यांनी विक्रेत्याचे काम पत्करले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांचे प्रभाकर कंदील त्यांनी गावोगाव विकले. पुढे साताऱ्याचे धनजीशहा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्यात त्यांचा मोठा वाटा होता. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. या नोकरीने भाऊरावांना खेडी दाखविली. शेतकऱ्याला नांगराची किंमत समजे, पण सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. अंगठा उठला की जमीन गेली! कंदील विकणाऱ्या माणसाला घराघरांतला खरा अंधार कोणता ते दिसू लागले. पगार उत्तम होता, मानही होता. पण कूपर यांच्याशी मतभेद झाले आणि १९२२ च्या सुमारास भाऊराव त्यातून बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी काही कमाविले नाही.

तोपर्यंत शिक्षणाचे काम सुरू झालेच होते. दुधगाव येथे काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला होता. मग ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली असता रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे कुळवाडी, कष्टकरी, सामान्य प्रजा. संस्थेच्या नावात राजाचे वा शेठजींचे नाव नाही, ज्यांच्यासाठी ती काढली त्यांचेच आहे. महात्मा फुले यांचा विचार आणि शाहू महाराजांच्या वसतिगृहांचा धडा, या दोन्हींचे बीज त्यात होते. शाहू महाराजांजवळ मात्र संस्थानचा खजिना होता. भाऊरावांजवळ काहीही नव्हते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. खेड्यातील मुलाची खरी अडचण केवळ फीची नव्हती. बऱ्याच गावांत शाळाच नव्हती, आणि जेथे होती तेथे ती चार इयत्तांपुरती. पुढे शिकायचे तर कऱ्हाड किंवा सातारा गाठायचे. तेथे राहायचे कोठे आणि जेवायचे काय? ओळखीपाळखीच्या घरी वार लावून जेवण्याची रीत होती, पण ती वरच्या जातींच्या मुलांपुरती. महार-मांग, रामोशी, धनगर, मुसलमान किंवा कुणब्याच्या मुलाला कोण वार देणार? म्हणून भाऊरावांनी शाळेच्या आधी वसतिगृह काढले. भाकरीची सोय झाली तर पोरगे शिकेल, हा त्यांचा साधा हिशेब होता. काले, नेर्ले येथे वसतिगृहे निघाली आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले.

आणि या भाकरीसाठी धान्य कोठून आणायचे? याच्या उत्तरात भाऊरावांचे सारे वेगळेपण आहे. त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. घरातल्या बाईने रोजच्या दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते गोळा करून वसतिगृहाला द्यायचे. सुगीच्या दिवसांत ते स्वतः खळ्यांवर फिरत. कोणी पायली देई, कोणी शेर, कोणी वैरण, कोणी भाजी. पैसे नसलेला माणूसही दाता होऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी कुळवाड्यांना दाखवून दिली.

आमच्या घरी अजूनही दारात वासुदेव आला की आजी सुपातून पसाभर धान्य घालते. त्यामुळे मूठभर धान्य देणे हे आपल्याकडे नवीन नाही. पण वासुदेवाला घातलेले धान्य पुण्यासाठी असते. भाऊरावांच्या मुठीचा अर्थ निराळा होता. ते धान्य आपल्याच गावच्या, आपल्याच भावकीच्या नाहीतर शेजारच्या वाड्याच्या पोराच्या पोटात जाणार होते आणि चार-सहा वर्षांनी तेच पोर मास्तर होऊन गावात परत येणार होते. यात देणारा वर आणि घेणारा खाली असा प्रश्नच उरत नाही. जो आज घेतो त्याचेच घर उद्या देते. एका धनवंताने लाख रुपये देण्यापेक्षा लाख घरांनी मूठमूठ धान्य देणे भाऊरावांना अधिक मोलाचे वाटत असावे, कारण लाख रुपयांनी इमारत होते, पण लाख मुठींनी लोकांना शाळा आपली वाटू लागते.

साताऱ्याचे वसतिगृह पुढे धनिणीच्या बागेत नांदू लागले. तेथे मुले स्वतः स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, भाजीचे वाफे लावीत, खडी फोडीत. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सारी मुले एका पंगतीत बसून एकाच परातीतली भाकरी खात. त्या काळी एका गावात हे घडणे म्हणजे केवढे धाडस! २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. आपल्या आश्रमात जे साधले नाही ते येथे साधलेले दिसते, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी काढल्याचे सांगतात. मला मात्र त्या पंगतीत पहिल्या दिवशी भीतभीत बसलेल्या एखाद्या पोराची आठवण येते. त्याला गांधीजी ठाऊक नसतील. पण आपल्या ताटातली भाकरी शेजारच्याच्या ताटातल्यासारखीच आहे एवढे त्याने नक्की पाहिले असेल.

आता या चरित्रातील ज्या पानापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले त्याकडे वळते. ते पान आहे लक्ष्मीबाईंचे.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या सुखवस्तू पाटील घराण्यातील मुलगी. अंगावर भरपूर सोने घेऊन सासरी आलेली, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली. नवऱ्याने नोकरी सोडली आणि घरात नाना जातींची पोरे आणून ठेवली, तेव्हा या बाईच्या मनात काय चालले असेल? सुरुवातीला त्यांना हे जड गेले, असे चरित्रकार लिहितात. पण पाहता पाहता त्या सगळ्या पोरांच्या वहिनी झाल्या. त्यांनी कोणाचे डोके विंचरले, कोणाची खरूज धुतली, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढली. आणि मुष्टिफंड आटला, धान्याची कोठी रिकामी झाली, की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना सोनाराकडे जाऊ लागला. एकदा भाऊराव दौऱ्यावर होते. बोर्डिंगात दाणा नव्हता, मुले उपाशी होती. दागिने केव्हाच संपले होते. राहिले होते ते मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले आणि पोरांच्या पोटात अन्न गेले.

या प्रसंगावर आजवर पुष्कळ भाषणे झाली आहेत. मीही माझ्या त्या पाठ केलेल्या भाषणात हा प्रसंग आवाज चढवून सांगितला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता तो वाचताना टाळ्यांचा विचार मनात येत नाही. सवाष्ण बाईने मंगळसूत्र गळ्यातून काढणे म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या बायकांना विचारा. माझ्या आईजवळ मंगळसूत्रात ओवलेल्या दोन वाट्यांखेरीज सोने नाही. ते मोडण्याचा नुसता विषय निघाला तरी ती उठून आत जाते. म्हणून मला वाटते, रयत शिक्षण संस्थेची पहिली मोठी देणगीदार कोणी राजा वा शेठ नव्हे, तर लक्ष्मीबाई आहेत. लोकांच्या मुठी त्यानंतर येतात.

लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. वय काही फार नव्हते. त्यांच्या हयातीत होती ती फक्त वसतिगृहे. त्यांनी हायस्कूल पाहिले नाही, कॉलेज तर नाहीच. त्यांच्या सोन्यावर शिकली ती सारी मुलगेच. मुलींची पाळी पुढे आली. साताऱ्यात जिजामातेच्या नावाने अध्यापिका विद्यालय निघाले तेव्हा लक्ष्मीबाई नव्हत्या. हे मी भाऊरावांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुलगा शाळेत घालणे हेच जेथे नवल, तेथे मुलीसाठी वसतिगृह काढणे किती अवघड असेल हे मी समजू शकते. पण एक मुलगी म्हणून हे पान मला तसेच उलटून पुढे जाता येत नाही. त्यांची नोंद आपण नेहमी पतीच्या कार्यातील त्याग म्हणून करतो. ती स्वतंत्रपणे त्यांच्या नावावर व्हायला हवी.

पत्नीच्या निधनानंतर भाऊरावांचा संसार म्हणजे संस्थाच झाली. पुणे करारानंतर १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. सवर्ण आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे हाच त्यामागील हेतू. मुले शिकवायची तर मास्तर हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. येथून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या बळावर त्यांनी जेथे शाळा नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा उघडल्या. देवळात, चावडीत, गोठ्याच्या पडवीत, जागा मिळेल तेथे शाळा. गावाने जागा द्यायची, मास्तरची सोय पाहायची, आणि थोडे अनुदान सरकारने द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. अशा ५७८ शाळा संस्थेने चालविल्या आणि पुढे त्या स्थानिक शिक्षण मंडळांच्या स्वाधीन केल्या. स्वतः उभारलेल्या शेकडो शाळा सहजपणे दुसऱ्याच्या हाती सोपविणे यालाही मोठे मन लागते.

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने साताऱ्यात संस्थेचे पहिले हायस्कूल निघाले. तेथे शिक्षण मोफत होते आणि बदल्यात श्रम होते. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका ही आज आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली योजना याच कॉलेजात रुजली. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर, संस्थेच्या कामावर राबायचे आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवायचा. गरिबाला फुकट शिकविले म्हणजे उपकार होतात आणि उपकाराच्या ओझ्याने मान वाकते, हे भाऊरावांना नेमके ठाऊक होते. म्हणून त्यांनी मदतीला श्रमाची जोड दिली. श्रमाचे मोल होते तितके शिक्षण पोर स्वतः कमवीत असे आणि उरलेला भार समाज उचलीत असे.

या कॉलेजच्या संदर्भात एक हकिकत नेहमी सांगितली जाते. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, मात्र कॉलेजला छत्रपतींऐवजी आपण सुचवू ते नाव द्यावे अशी अट घातली. पैशाची तर निकड होती. भाऊरावांनी ती देणगी नाकारली. एक वेळ जन्मदात्या बापाचे नाव बदलीन पण हे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते म्हणतात. या गोष्टीत शिवछत्रपतींवरील भक्ती आहेच, पण मला त्यात आणखी काही दिसते. मूठभर धान्य देणाऱ्या बाईने कधी आपले नाव शाळेवर लावा म्हटले नव्हते. तिच्या नावाची पाटी नाही, मग अधिक देणाऱ्याची का असावी? भाऊरावांनी शाळा-कॉलेजांना नावे दिली ती शिवाजी, शाहू, फुले, आझाद, गांधी अशी. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या कॉलेजला तर त्यांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्यांनी हाती खराटा धरला, त्या संताचे नाव कॉलेजच्या कमानीवर! नावे विकायची नाहीत, ती मिळवायची असतात, हा धडाच त्यांनी घालून दिला.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण त्याच १९४८ साली संस्थेवर मोठे संकट कोसळले. सरकारवर त्यांनी जाहीर सभांतून केलेली टीका राज्यकर्त्यांना झोंबली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षक, हजारो मुले, आणि तिजोरी रिकामी. दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता, नाहीतर शाळांना कुलूप लावून बसला असता. भाऊराव पुन्हा झोळी घेऊन लोकांत गेले. तीस वर्षे गावोगावी पेरलेल्या मुठी आता उगवून आल्या. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, शिक्षकांनी ओढगस्त सोसली. वर्तमानपत्रांतून लोकमत उभे राहिले. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले.

सरकारी अनुदान हा जनतेचाच पैसा. तो घेण्यात कमीपणा नाही आणि तो मिळतो म्हणून तोंड बंद ठेवण्याचेही कारण नाही, हे या प्रसंगाने मला शिकविले. ज्या संस्थेला एकच मोठा दाता असतो तिला त्याची मर्जी राखावी लागते. जिला लाखो लहान दाते असतात तिची मान ताठ राहू शकते.

भाऊराव तापट होते. सहकाऱ्यांना ते फाडफाड बोलत, मुलांना कधी छडीही देत. घरच्यांच्या वाट्याला ते फारसे आले नाहीत. त्यांच्याबरोबर काम करणे सोपे नव्हते, असे त्यांच्यावर जीव टाकणारेही सांगतात. पण मध्यरात्री दौऱ्यावरून परतल्यावर बोर्डिंगात फेरी मारून उघड्या पडलेल्या पोरांच्या अंगावर पांघरूण घालणारे अण्णाही तेच. याच पोरांतून शिक्षक, वकील, अधिकारी, प्राचार्य निघाले. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीत शिक्षण थांबलेल्या माणसापुढे विद्यापीठाने मान लवविली. पण लोकांनी दिलेली कर्मवीर ही पदवी त्याआधीच त्यांच्या नावाचा भाग झाली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभरावर हायस्कुले आणि तीन कॉलेजे उभी राहिली होती. त्यांच्या स्वतःच्या नावावर मागे ठेवण्यासारखी संपत्ती नव्हती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्रात शेकडो शाखांच्या रूपाने जमिनीत रुजल्या आहेत. लक्ष्मीबाईंच्या नावानेही सोलापुरात मुलींचे महाविद्यालय आहे, हे वाचून मला फार बरे वाटले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आता माझ्या प्रश्नाकडे परत येते. मदत ही भीक असते का? मला वाटते, ती कशी दिली जाते आणि घेणारा तिचे पुढे काय करतो यावर ते ठरते. उपकार म्हणून फेकलेली मदत भीकच. पण समाजाने आपल्या लेकराच्या शिक्षणात घातलेली मूठ म्हणजे भीक नव्हे, ती बियाणे आहे. बियाणे घेणाऱ्याला लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र पीक आल्यावर पुढच्या पेरणीसाठी काही बाजूला ठेवले नाही, तर लाज वाटलीच पाहिजे. आपल्यापैकी कित्येक जण सवलतीवर, शिष्यवृत्तीवर, वसतिगृहाच्या जेवणावर शिकत आहोत. उद्या नोकरी लागेल, शहरात घर होईल. तेव्हा आपल्या मागे रांगेत कोण उभे आहे हे आपण वळून पाहणार आहोत का?

ग्रंथालयातील माझ्या कामाचे पहिले पैसे हातात आले तेव्हा ते मी आईकडे नेऊन दिले. तिने ते देवापुढे ठेवले आणि त्यातली एक नोट परत माझ्या हातात दिली. त्या नोटेतून मी वसतिगृहातील एका मुलीला दोन वह्या घेऊन दिल्या. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण मूठ म्हणजे तरी किती असते?

या जूनमध्ये नव्या प्रवेशांच्या वेळी मी फीच्या खिडकीपाशी अर्ज भरून देण्याचे काम करीत होते. एक मुलगी बराच वेळ बाजूला उभी होती. हातात कागदाची बारीक घडी होती. मी तिच्याकडून तो दाखला मागून घेतला, टेबलावर पसरून हाताने सारखा केला आणि अर्ज भरायला घेतला. वर तसबिरीत अण्णा होते. त्यांच्या शेजारी लक्ष्मीबाईंचीही तसबीर असावी, असे मला त्या दिवशी फार वाटले. महाविद्यालयाच्या चालकांनी या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती करून हा लेख संपविते.